मिऱ्याएवढं सोनं

ईराचा चेहरा निळा पडला तेव्हा प्राजक्ताच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये व्हिडिओ चालू होता. पोर बारा दिवसांची. तिच्या घशात मिऱ्याएवढा मणी गेला होता. तोंड उघडं, आवाज नाही. दोन्ही मुठी वर उचललेल्या, त्या तशाच राहिल्या. प्राजक्ता माझी सून. ती नुसती "आई, आई" करत होती. मला हाक मारत होती की स्वतःच्या आईला, कोण जाणे.

अनशीबाय मोरीपाशी पाटावर पाय पसरून बसली होती. पोरीला नुकतंच न्हाऊ घालून झालं होतं. तिने पोर ओढूनच घेतली, आपल्या हातावर पालथी घातली, डोकं खाली केलं, आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याने मारायला लागली. मारलं म्हणजे मारलंच, थोपटलं नाही.

"मावशी, लागेल तिला," प्राजक्ता ओरडली.

"गप रव," अनशीबाय म्हणाली. डोळे पोरीवरच.

मला वाटलं, गेली. मी हे मनात स्पष्ट म्हटलं. मग पोरीच्या छातीत खरखर झाली, थोडं दूध बाहेर आलं आणि ती रडली. आधी मांजरासारखी, मग जोरात.

"रडता मा? मग जगता," अनशीबाय म्हणाली आणि पोर प्राजक्ताच्या मांडीवर दिली. मग आम्ही मणी शोधायला लागलो. दुपटं झटकलं, लादी हाताने चाचपली, तेलाची वाटी उपडी केली. मणी नाही.

"पोटात गेलो," अनशीबाय म्हणाली. "रिक्षा बोलव."

तो मणी म्हणजे अनशीबायची मजुरी होती. हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

आम्ही दहिसरला नदीच्या अलीकडे राहतो. पूर्वी चाळ होती, आता त्याच जागेवर टॉवर आहे. अनशीबाय मागच्या गल्लीत राहायची, तिथली चाळ अजून पाडली नव्हती. गाव कुडाळकडचं. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हे तिचं काम. अंगाने काटकुळी, पण पंजे पुरुषासारखे. नितीन, माझा मुलगा, तिच्याच हातचा. ती माझ्याहून मोठी, तरी मी तिला अगं-तुगं करायची. तिने कधी हरकत घेतली नाही.

ती मजुरी म्हणून नोट घेत नसे. सव्वा महिन्याच्या कामाला एक मणी, बोरमाळेत असतो तसा, मिऱ्याएवढा. गरीब घर असेल तर चांदी. लहान मुलांच्या वाळ्यांची घुंगरं, झिजलेली जोडवी, तुटक्या पैंजणाची कडी, काहीही. एक कुडी हरवली की दुसरीचं काय करायचं, असा बायकांना प्रश्न पडतो. ती दुसरी कुडी अनशीबायकडे जायची. हे सगळं तिच्या कमरेला एका खणाच्या पिशवीत असायचं.

नुसतं साठवायला घेतलं असतं तर त्यात नवल नव्हतं. सोनं सगळ्याच बायका साठवतात. ही ते खर्चायची. तांदूळ, रॉकेल, चपला, दाढ काढायची, सगळं त्यातूनच. मला या गोष्टीचं फार कुतूहल होतं. भाव कसा ठरवते, सुटे कसे घेते, समोरचा घेतो तरी कशाला. म्हणून मी मुद्दाम तिच्याबरोबर दुकानात जायची.

एकदा तिने नथीची अर्धी तार देऊन भवानजीच्या दुकानातून महिन्याचं सामान घेतलं. भवानजी कच्छी, पण जन्म इथलाच. त्याने वजनकाट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तार चिमटीत धरली, मान हलवली, गल्ल्याजवळची काडेपेटी उघडली आणि सुटे म्हणून चांदीची दोन घुंगरं परत केली.

"ही सावंताच्या नातवाची," अनशीबाय म्हणाली. "मीच तुका दिलंलय."

"मग ओळखीचीच निघाली ना," भवानजी म्हणाला. "दुसरी देऊ का अनोळखी?"

असं ते चालायचं. भवानजी, गिरणीवाला, ब्लाउज शिवणारी लता, नाक्यावरचा दूधवाला. तीच घुंगरं या चौघांत फिरून परत तिच्याकडे यायची. एकदा लताकडे एक घुंगरू हरवलं तर तिने सगळ्या चिंध्या उपसून काढल्या. दहाची नोट हरवली असती तर एवढं केलं नसतं.

बाहेरचे लोक मात्र चक्रावायचे. बोरिवलीहून येताना रिक्षावाल्याच्या हातावर तिने घुंगरू ठेवलं.

"ये क्या है माई?"

"चांदी."

"मीटर में चांदी कहाँ से डालूँ?"

"मीटर में मत डाल. औरत का पाँव में डाल."

तो हसला नाही. पण घुंगरू कानाशी हलवून बघितलं आणि खिशात टाकलं.

पुढे दुकानांतून फोनने पैसे द्यायची पद्धत आली. भवानजीच्या गल्ल्यावर तो डबा बसला, पैसे आले की मोठ्याने आकडा सांगणारा. अनशीबाय दचकायची. "तुमचो पैसो बोंबलता," ती नितीनला म्हणाली. "माझो गप रवता."

हे सगळं कशासाठी, असं मी तिला पुष्कळदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणायची, नोट भिजली की लगदो होता. कधी म्हणायची, नोटेर कोणाचा नाव नसता, ह्या कुडयेर असता. खरंच, कुठला तुकडा कुठल्या घरचा, कुठल्या बाळंतपणाचा, हे तिला पाठ होतं. तिला लिहिता येत नव्हतं. एकदाच म्हणाली की नवरा नोटा पिऊन टाकायचा. कापडगिरणीचा पगार हातात येण्याआधीच जायचा. "पण पोराचा घुंगरू घेऊन गुत्त्यार जावक त्येका लाज वाटायची." मला हेच कारण खरं वाटतं. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

नोटा बंद झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, बघा, अनशीबाय शहाणी ठरली. काही शहाणी ठरली नाही. तिची तेव्हा वाट लागली. भवानजी म्हणाला, "मावशी, मला सुट्ट्या नोटा पाहिजेत, चांदी घेऊन काय करू? सोनाराकडेसुद्धा रोकड नाही." कमरेला पिशवी आणि घरात तांदूळ नाही, अशी तिची अवस्था. ती आमच्याकडे पेज प्यायला यायची आणि जाताना पाटाखाली एक कडी ठेवून जायची. मी ती उचलून तिच्याच पिशवीत कोंबायची. ती पुन्हा ठेवायची. शेवटी मी ठेवून घेतली. उगाच भांडण कशाला.

आता मजुरीचं. ती मजुरी बाराव्या दिवशीच मागायची, सव्वा महिना व्हायची वाट बघत नसे. "बारशाक सोना घरात येता. मगे लोक इसारतत." मणी हातात पडला की आईच्या दुधाचे दोन थेंब सहाणेवर घ्यायची, मणी त्यात जरासा उगाळायची आणि बोट बाळाच्या जिभेला लावायची. "पयली चव तुका, मगे माका." मग मणी पिशवीत. तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराने तिची मजुरी आधी चाटली आहे.

पूर्वी एक मणी देणं कुणाला जड जात नसे. सोन्याचा भाव असा चढला की तोच मणी लोकांना टोचायला लागला. तिने मात्र काही वाढवलं नाही की घटवलं नाही. एक बाळंतीण, एक मणी.

"आई, आजचा भाव बघितला का?" प्राजक्ता मला म्हणाली. "एका मण्यात मिक्सर येईल छोटा."

"मग दुसरी बाई बघ."

"बाई हीच पाहिजे. हात चांगला आहे तिचा."

"मग मणी दे."

बारशाच्या आधी तिच्या बहिणीने बोरिवलीहून मणी आणून दिला. मी पाहिला. पिवळा, गोल. मण्यात अजून काय बघायचं असतं?

बाराव्या दिवशी अनशीबायने सहाण पुढे ओढली तर प्राजक्ता म्हणाली, "मावशी, उगाळू नका. ती सहाण कुठेकुठे ठेवलेली असते, इन्फेक्शन होईल. मी नुसता ओठांना लावते."

अनशीबायला ते पटलं नाही, हे मला दिसलं. पण पोर तिची. "बरा," ती म्हणाली. प्राजक्ताने मणी दुधात बुडवला. एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या चिमटीत दुधाने बुळबुळीत झालेला मणी. पोरीने जांभई दिली. पुढचं सांगितलंच.

बोरिवलीच्या बालरुग्णालयात फोटो काढला. पोरीच्या बरगड्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या, आणि त्यांच्या खाली एक पांढरा ठिपका. डॉक्टर तरुण होता, घाबरवणारा नव्हता.

"श्वासनलिकेत नाहीये, पोटात उतरलाय. सोन्याचा आहे ना? मग घरी न्या. शीतून पडून जाईल. दुसरा कुठला धातू असता तर मी ठेवून घेतलं असतं."

मी उठले. अनशीबाय उठली. प्राजक्ता बसूनच राहिली.

"चल गं," मी म्हटलं.

"सोन्याचा नाहीये," ती म्हणाली. मान खाली. "पॉलिशचा आहे. आत पितळ आहे."

डॉक्टरला त्यात विशेष काही वाटलं नसावं, तो लिहायला लागला. मी अनशीबायकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. बोलायचा हक्क होता तिचा. ती टेबलाजवळ गेली.

"डाक्टर, पितळ पोटात कळकता काय?"

डॉक्टरला कळलं नाही. मी सांगितलं, कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं की हिरवं पडतं, विषारी होतं, तसं पोरीच्या पोटात होईल का, विचारते आहे.

"इतक्या लवकर नाही होणार, आजी," तो म्हणाला. "पण लक्ष ठेवू. अॅडमिट करून घेतो."

प्राजक्ता वाईट मुलगी नाही. हिशेबी आहे. मीही आहे. पण त्या दिवशी ती मला डोळ्यांसमोर नको होती, आणि बाळंतिणीला तसं म्हणता येत नाही. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. अनशीबाय आत राहिली. दर लंगोट तिने स्वतः तपासला. नर्स हातमोजे द्यायला लागली तर म्हणाली, "त्यान काय कळात?"

"मावशी, माझं चुकलं," प्राजक्ता तिला म्हणाली. मी दारात होते, मला ऐकू आलं.

"रडा नको. दूध आटतला. चेडवाक पाज, पोट साफ होवक व्हया."

दुसऱ्या दिवशी मणी पडला. अनशीबायने बेसिनमध्ये साबणाने धुतला आणि उजेडात धरला. एका बाजूचं पॉलिश उडालं होतं, खाली काळवंडलेलं पितळ दिसत होतं. तिने डॉक्टरला दाखवला, मग प्राजक्ताच्या हातावर ठेवला. "तुझो तुका." दुसरा फोटो काढला, तो स्वच्छ आला. आम्ही घरी आलो.

तिने सव्वा महिना पुरा केला. एक दिवस चुकवला नाही. तेल तेवढंच गरम, हात तेवढाच. मी माझ्या बोरमाळेतला एक मणी काढून दिला. तिने नको वगैरे म्हटलं नाही. पण सहाण माझ्यापुढे सरकवली. "तुझ्या हातान उगाळ. बगतंय." मी आतलं दिसेपर्यंत उगाळला. ती आजवर नुसता टेकवायची. तेव्हापासून ती सगळ्यांनाच तसं करायला लावायची.

पण तिला झोप लागेना. एका दुपारी ती आली, दार लावून घेतलं आणि पिशवी माझ्या लादीवर पालथी केली. इतकी वर्षं ती पिशवी मी बाहेरून पाहिलेली. आतला माल पहिल्यांदाच सगळा एकत्र पाहिला. मूठभरसुद्धा नव्हता.

"ह्यातला खरा कितक्या असात गो शालन?"

"मला काय कळतं? सोनाराकडे चल."

"सोनाराकडे मी कधीच गेलंय नाय."

तिला सोनाराची भीती वाटत होती. सोनार काय सांगेल याची नव्हे. आपण इतकी वर्षं दिलं घेतलं त्यात लोकांनी आपल्याला किती फसवलं, हे आता माहीत होणार, याची. माहीत नाही झालं तर पिशवी चालूच राहते. मी तिला तसं म्हटलंही. "राहू दे. चालतंय ना?"

"मी दुसऱ्याक दितंय ना पण," ती म्हणाली. आणि उठली.

सोनार हस्तीमलशेठने एकेक तुकडा कसोटीच्या दगडावर घासला, वर आम्लाचा थेंब टाकला. खऱ्याची रेघ राहायची, खोट्याची फेसाळून जायची. अनशीबाय काउंटरला दोन्ही हात टेकवून उभी होती. जुनं सगळं खरं निघालं. अलीकडचं बरंच खोटं. तिने खोटे वेगळे केले. कुठला तुकडा कुणाचा हे तिला ठाऊक होतंच, त्यामुळे कुणी फसवलं हेही तिथेच उभ्या उभ्या कळलं.

"कोण कोण गं?" मी विचारलं.

"नाव कित्याक घेव? पोरांका माझ्या हातची न्हाणी लागली हत."

मी नंतरही खूप खोदून विचारलं. तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. याची मला अजून चुटपुट आहे, खोटं कशाला बोलू.

तिथून ती थेट भवानजीकडे गेली. काडेपेटी मागितली. भवानजीने दिली. तिने आतले तुकडे बोटाने सरकवून पाहिले आणि दोन मणी, एक कुडी बाहेर काढली.

"ही खोटी हत. माझ्याकडसून इली. हे घे खरे."

"मला माहीत आहे, मावशी," भवानजी म्हणाला.

"कधीपासून?"

"तुम्ही दिलेत तेव्हापासून. माझा साडू सोनार आहे ना."

"मगे घेतलस कित्याक?"

"तुमच्याकडून आलं, तुमच्याकडेच परत जाणार. तुम्ही घेता, लता घेते, गिरणीवाला घेतो. सगळे घेतायत तोपर्यंत खोटं कसं?"

मला त्याचं म्हणणं पटलं. अजूनही पटतं. नोट म्हणजे तरी दुसरं काय, कागदच की. पण अनशीबायचा चेहरा उतरला. डॉक्टरसमोरही तो इतका उतरला नव्हता. लोकांनी तिला फसवलं ते तिने गिळलं होतं. आपल्या हातून खोटं फिरत होतं आणि घेणारा तिच्यावर दया म्हणून घेत होता, हे तिला सोसवेना.

"खोटा असा ता तू माका कित्याक नाय सांगलस?"

"वाईट वाटलं असतं तुम्हाला."

"आता बरा वाटता?"

तिने खरे तुकडे मोजून गल्ल्यावर ठेवले, खोटे घेतले. मग लताकडे, गिरणीवाल्याकडे, दूधवाल्याकडे. सगळं बदलून दिलं. पिशवी जवळजवळ रिकामी झाली. म्हातारपणासाठी तेवढंच होतं तिच्याकडे. मी म्हटलं, वेडी आहेस. ती म्हणाली, "असांदे." खोटे तुकडे तिने चाळीतल्या पोरींना बाहुलीच्या लग्नाला दिले.

त्यानंतर तिला कामं कमी आली. मण्याचा भाव आणखी चढला, आणि दाराशी आलेली बाई सहाणेवर उगाळून दाखवा म्हणते हे लोकांना अपमानाचं वाटायचं. काहींनी उघड सांगितलं, नोटा घे नाहीतर नको. ती उठून यायची. गुडघेही गेले होते.

मागची चाळ पाडायला घेतली तेव्हा ती गावी निघाली. चेक नाक्यापाशी खासगी बस थांबते, तिथे मी तिला सोडायला गेले. दोन गाठोडी आणि एक प्लास्टिकची बादली. बसला वेळ होता म्हणून टपरीवर चहा घेतला. मी पैसे काढेपर्यंत तिने टपरीवाल्याच्या हातावर घुंगरू ठेवलं होतं.

"ये नहीं चलेगा, अम्मा."

"घासून बघ."

त्याने खरंच ते टपरीच्या पत्र्यावर घासलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. त्याने आणखी थोडा वेळ पाहिलं आणि घुंगरू गल्ल्यात न टाकता शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं. बस आली. कंडक्टरने गाठोडी वर फेकली. ती बादली हातातच घेऊन चढली, खिडकीशी बसली आणि मांडीवर बादली ठेवली. मी हात केला, पण ती पुढच्या सीटवरच्या बाईच्या कडेवरच्या पोराशी बोलत होती.

दोन पावसाळ्यांनी गावाहून फोन आला, अनशीबाय गेली म्हणून.

मणी अडकला त्या दिवशी मोरीपाशी आम्ही चौघी होतो. प्राजक्ता आहे, नोकरीवर जाते. मी आहे. ईरा आता दुसरीत आहे.